ट्रुक लगून : न वापरायच्या वायूचा हिशोब

शनिवार

१७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ या दोन दिवसांत अमेरिकी नौदलाच्या विमानांनी मायक्रोनेशियातल्या ट्रुक लगूनमधल्या जपानी तळावर हल्ला चढवला. या मोहिमेचं नाव ऑपरेशन हेलस्टोन. चाळीसच्या वर जहाजं बुडाली आणि त्यातली बरीचशी आजही जागच्या जागी आहेत. लगूनला आता अधिकृतपणे 'चुक' (Chuuk) म्हणतात, पण डायव्हर मंडळींच्या तोंडी जुनं नावच आहे. पाणी वर्षभर २८ अंशांच्या आसपास. बहुतेक प्रसिद्ध जहाजं ३५ मीटरच्या आत असल्यामुळे ती साध्या हवेवरही बघता येतात.

आम्ही तिघं आलो होतो ते दोन खोल जहाजांसाठी : सान फ्रान्सिस्को मारू आणि आयकोकू मारू. दोन्हींचा तळ साठ मीटरच्या पलीकडे. तिघांकडेही क्लोज्ड सर्किट रिब्रीदर होते. या यंत्रात सोडलेला श्वास वाया जात नाही, तो लूपमधून फिरत राहतो. स्क्रबरमधला चुना त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि शरीराने वापरलेला ऑक्सिजन यंत्र थेंबाथेंबाने भरून काढतं. खाली जाताना पाण्याच्या दाबाने लूप आकसतो, तो फुगता ठेवायला डिल्युएंट नावाचा दुसरा वायू लागतो. यंत्राने दगा दिला तर लूप सोडायचा आणि अंगावर वाहिलेल्या वेगळ्या सिलिंडरवरून साधा, खुला श्वास घेत वर यायचं. हा वायू म्हणजे बेलआउट.

वेनो या इथल्या मुख्य बेटावर पोचल्यावर सामान उघडायच्या आधी वायूची बैठक बसली. हेलियम इथे समुद्रापलीकडून येतो. आधी कळवून ठेवावा लागतो आणि आला तेवढ्यात भागवावं लागतं. आमच्या वाट्याला आलेला साठा पुरेसा होता, पण सढळ नव्हता. माझ्या जोडीदाराने लगेच मुद्दा काढला.

"डिल्युएंटमध्ये १५/५० घालू. बेलआउटला २१/३५ पुरे. ते उघडायची वेळ येणार कितीदा? वाचलेल्या हेलियमवर आणखी एखादी खोल बुडी होईल."

१५/५० म्हणजे १५ टक्के ऑक्सिजन, ५० टक्के हेलियम, उरलेला नायट्रोजन. त्याचा युक्तिवाद आकड्यांनी पाहिला तर मोह पाडणारा आहे. रिब्रीदरवरचं डिल्युएंटचं सिलिंडर तीन लिटरचं. २०० बारला त्यात ६०० लिटर वायू, म्हणजे हेलियम फक्त ३०० लिटर. बेलआउटचं अॅल्युमिनियमचं सिलिंडर ११ लिटरचं, त्यात २२०० लिटर वायू आणि १५/५० भरलं तर हेलियम ११०० लिटर. जो वायू आपण श्वासात घेतो तो हेलियम जेमतेम खातो आणि जो नुसता कडेला लटकवून न्यायचा तो जवळजवळ चौपट खातो. काटकसर करायची तर हात आधी तिकडेच जातो.

आमची तिसरी साथीदार पेशाने भूलतज्ज्ञ. तिने शांतपणे विचारलं, "बेलआउट उघडशील तेव्हा तुझ्या रक्तात काय चढलेलं असेल?"

तो गप्प झाला, कारण उत्तर आम्हा तिघांना माहीत होतं. यंत्र सोडायला लावणारं सगळ्यात घातकी कारण म्हणजे कार्बन डायऑक्साइड. चुना संपला, पाणी शिरलं, झडप नीट बसली नाही किंवा माणूस नको तितका राबला, की तो रक्तात साठतो. मग श्वास धापेवर जातो, डोकं चालत नाही आणि तोंडातला माउथपीस काढून दुसरा घालण्यापुरताही दम धरता येत नाही. अशा माणसाच्या तोंडात दाट वायू दिला तर तो फुप्फुसातून लवकर आतबाहेर होत नाही आणि कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो.

दाटपणाची मर्यादा गॅव्हिन अँथनी आणि सायमन मिचेल यांनी २०१६ मध्ये मांडली : शक्यतो लिटरला ५.२ ग्रॅमच्या आत राहावं, ६.२ कधीच ओलांडू नये. साधी हवा तीस मीटरलाच ५.२ ला टेकते आणि अडतीसच्या आसपास ६.२ ला. साठ मीटरवर दाब सात बार. तिथे १५/५० ची घनता ५.१९ येते आणि २१/३५ ची ६.३९. म्हणजे जोडीदाराच्या योजनेत धडधाकट असताना हलका वायू आणि गुदमरत असताना मर्यादेबाहेरचा, असा उलटा प्रकार होत होता. शिवाय २१/३५ मधला ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, तिथे १.४७ बारपर्यंत जातो. कार्बन डायऑक्साइड चढलेल्या शरीराला ऑक्सिजनचे झटके येण्याचा धोका जास्त असतो.

ठरलं : बेलआउट १५/५०. खोल बुड्या कमी झाल्या तरी चालेल.

रविवार

फुजिकावा मारू. सरळ उभं बसलेलं जहाज, डोलकाठ्या पृष्ठभागाजवळ, तळ चौतीस मीटरच्या आसपास. एका फळक्यात, म्हणजे मालाच्या कोठारात, जपानी झीरो लढाऊ विमानांचे सांगाडे रचून ठेवल्यासारखे पडलेत. पहिल्यांदा येणाऱ्याला दिवसभर बघत बसावं असं वाटेल. आम्ही डेकवरच थांबलो, कारण आजचं काम मोजमापाचं होतं.

सरावासाठी ३२ टक्के नायट्रॉक्स, म्हणजे ३२ टक्के ऑक्सिजनची हवा, घेतला होता. अठरा मीटरवर तिघंही लूप बंद करून बेलआउटवर गेलो आणि पाच मिनिटं स्थिर तरंगत किती बार उतरले ते लिहिलं. मग तीन मिनिटं जिवाच्या आकांताने फिन मारले, आणि पुन्हा मोजलं. पृष्ठभागाच्या हिशोबात स्थिर असताना मिनिटाला १५ ते १७ लिटर. दम लागल्यावर सगळ्यांत कमी आकडा ३६, सगळ्यांत जास्त ४२. हे लख्ख उजेडात, उबदार पाण्यात आणि कसलीच भीती नसताना. बेलआउटचा हिशोब सर्रास २० लिटर धरून होतो आणि संगणक तो आकडा बिनतक्रार स्वीकारतो, हे मला फार खटकतं. २० हा शांत माणसाचा आकडा आहे. आम्ही पहिल्या मिनिटांसाठी ४० धरायचं ठरवलं.

दुसरा मुद्दा बेलआउट व्हॉल्व्हचा. हा माउथपीसमध्येच बसवलेला असतो. एक खटका फिरवला की लूप बंद होतो आणि त्याच तोंडातून खुला वायू मिळतो. दम धरता येत नसलेल्या माणसासाठी याच्याइतकी मोलाची दुसरी वस्तू मला माहीत नाही. पण त्याची नळी कुठे जोडली आहे याला महत्त्व आहे. जोडीदाराची नळी डिल्युएंटच्या तीन लिटरवर होती. साठ मीटरवर ४० लिटरच्या दमाने मिनिटाला २८० लिटर जातात. भरलेले ६०० लिटर दोन मिनिटं पुरतील आणि बुडीच्या मध्यावर ते भरलेलेही नसतात. संध्याकाळी त्याने ती नळी काढून कडेच्या मोठ्या सिलिंडरला जोडली. याची एक किंमत आहे : १५ टक्के ऑक्सिजन पृष्ठभागावर श्वासासाठी सुरक्षित मानला जात नाही. म्हणून नियम केला की सहा मीटरच्या वर काही झालं तर हात उजवीकडच्या ५० टक्के ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे जाईल, खटक्याकडे नाही.

सोमवार

शिंकोकू मारू. पर्ल हार्बरवर गेलेल्या जपानी ताफ्याला तेल पुरवणारं हे टँकर आता मऊ प्रवाळाने गजबजलंय. दोन आरामाच्या बुड्या केल्या. सहा मीटरवर तिघांनी लूपमध्ये शुद्ध ऑक्सिजन भरून सेल, म्हणजे यंत्रातले ऑक्सिजन मोजणारे संवेदक, तपासले. तिथे आकडा १.६ बारला पोचायला हवा. जो सेल तिथवर चढत नाही तो खोलवर खोटं बोलतो : ऑक्सिजन वाढला तरी तो कमीच दाखवतो आणि यंत्र आणखी ऑक्सिजन सोडत राहतं. माझा एक सेल १.४८ ला अडखळला. बदलला.

मंगळवार

पाण्यात उतरलोच नाही. दिवसभर मिश्रण.

२०० बारचं १५/५० करायचं तर कागदावर सोपं असतं : रिकाम्या सिलिंडरमध्ये १०० बार हेलियम, ११.४ बार ऑक्सिजन, वर ८८.६ बार हवा. प्रत्यक्षात हेलियम दाबाखाली आदर्श वायूसारखा वागत नाही. त्याच दाबाला तो अपेक्षेपेक्षा थोडा कमी बसतो. भरताना सिलिंडर तापतं तेही हिशोबात येतं. म्हणून पहिली खेप विश्लेषकावर, म्हणजे मिश्रणाचे टक्के मोजणाऱ्या उपकरणावर, लावली तेव्हा १६/४६ निघाली. भरणाऱ्या माणसाने आमच्याआधी स्वतःच मान हलवली आणि पुढच्या खेपेला हेलियम थोडा चढा धरला. ती १५/५० ला बसली.

आता प्रश्न असा की १६/४६ चं करायचं काय. ओतून देणं परवडणारं नव्हतं. इथे तासभर गेला आणि तो तास मला या सगळ्या प्रवासातला सर्वांत उपयोगी वाटतो.

डिल्युएंट निवडताना तीन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, खोलवर नायट्रोजनने येणारी गुंगी. दुसरी, लूपमधली घनता, आणि ती सिलिंडरमधल्या मिश्रणाच्या घनतेहून वेगळी असते, कारण यंत्र त्यात जड ऑक्सिजन मिसळून सेटपॉइंट, म्हणजे आपण ठरवून दिलेला ऑक्सिजनचा दाब, गाठतं. तिसरी गोष्ट पुष्कळदा राहून जाते : डिल्युएंटमधल्या ऑक्सिजनचा दाब तळावर सेटपॉइंटपेक्षा स्पष्टपणे कमी हवा. लूपमध्ये ऑक्सिजन भरमसाट चढला तर तो खाली आणायचा एकच झटपट उपाय म्हणजे डिल्युएंटने लूप धुवून काढणं. साठ मीटरवर १८/४५ वापरलं तर त्यातलाच ऑक्सिजन १.२६ असतो. १.२ चा सेटपॉइंट ठेवून अशा वायूने धुतलं तर काहीच सुटत नाही. धुण्याचा दुसरा फायदा असा की सेल खरं बोलतात का ते तळावर कळतं, कारण डिल्युएंटचा आकडा आपल्याला आधीच ठाऊक असतो.

१६/४६ या तिन्हींत कसं बसतं? साठ मीटरला लूपमधली घनता साडेपाचच्या पुढे जात होती. पंचावन्नला ५.२३. धुतल्यावर ऑक्सिजन १.०४. म्हणून निर्णय असा झाला की १६/४६ तिघांच्या डिल्युएंटला, अस्सल १५/५० तिघांच्या बेलआउटला आणि खोलीची मर्यादा दोन्ही जहाजांवर पंचावन्न. जहाजाचा तळ गाठायचा हट्ट सोडला. चांगला वायू कडेच्या सिलिंडरला आणि दुय्यम वायू यंत्राला, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण यंत्रावरचा श्वास शांत असतो आणि खोली आपल्या हातात असते. बेलआउटच्या वेळी यातलं काहीच आपल्या हातात नसतं.

मग रात्री बेलआउटचा कागद. पंचावन्न मीटरला साडेसहा बार. तळावर तीन मिनिटं ४० लिटरने : ७८० लिटर. तिथून एकवीसवर यायला चार मिनिटं, सरासरी ४.८ बार, ३० लिटरने : ५७६. वाटेत शरीरात मुरलेला वायू हळूहळू निघावा म्हणून सत्तावीस आणि चोवीसला दोन-दोन मिनिटं थांबा, २० लिटरने : २८४. एकूण १६४०. सिलिंडरमध्ये २२००. सगळीकडे २० धरलं असतं तर कागदाने १०५०च्या आसपास सांगितलं असतं आणि आम्ही निवांत लहान सिलिंडर उचललं असतं. एकवीसला ५० टक्के, तिथे ऑक्सिजनचा दाब १.५५. सहाला बोटीखाली टांगलेला शुद्ध ऑक्सिजन.

प्रत्येक सिलिंडरवर मिश्रण, जास्तीत जास्त खोली आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहिली. विश्लेषक ज्याचं सिलिंडर त्यानेच धरायचा, दुसऱ्याने नुसतं बघायचं.

बुधवार

सान फ्रान्सिस्को मारू. दोरीवरून उतरताना चाळीसपर्यंत निळ्याशिवाय काही नाही, मग एकदम डेक. पुढच्या भागात पन्नासच्या आसपास तीन छोटे रणगाडे : डावीकडे एक, उजवीकडे दोन एकमेकांवर कललेले. नळ्या अजून रोखलेल्या. पहिल्या फळक्यात पाणसुरुंगांची रास, अर्धगोल, एकमेकांना खेटून. दुसऱ्यात ट्रक.

हेलियमचा फरक इथे जाणवतो. १६/४६ ने पन्नास मीटरवरची गुंगी हवेवरच्या बावीस-तेवीस मीटरइतकीच, ऑक्सिजनही गुंगी आणतो असं धरूनसुद्धा. रणगाड्याच्या साखळीचे दुवे मोजता येत होते, हातातला संगणक वाचता येत होता आणि सुरुंगांपासून किती लांब आहोत याचं भान होतं. हेच जहाज हवेवर बघणारे लोक आहेत. तिथे हवेची घनता ७.७ च्या पुढे असते. मला ते धाडस वाटत नाही, मला ते बघितल्याचं पूर्ण आठवणार नाही असं वाटतं आणि परत येण्याची खात्रीही कमी वाटते.

ठरल्या वेळी निघालो. एकूण बुडी दीड तासाच्या आसपास. बेलआउटला हात लागला नाही.

गुरुवार

विश्रांती. जोडीदाराने दुसरा प्रश्न काढला : तिघं आहोत तर प्रत्येकाने पूर्ण बेलआउट का न्यायचं? तिघांत मिळून दोघांपुरतं नेलं तर ओझं कमी होईल. एकाच वेळी दोन यंत्रं बिघडणं दुर्मीळ.

ही पद्धत जगभर चालते आणि शिस्तबद्ध गट ती नीट वापरतातही. माझं मत वेगळं आहे. वाटून घेतलेलं बेलआउट गट एकत्र असेल तरच बेलआउट असतं. जहाजाच्या आतल्या गाळात किंवा प्रवाहात तिघं वेगळे झाले की प्रत्येकाकडे अपुरा वायू उरतो. आणि यंत्रं बिघडणं ही स्वतंत्र घटना नसते. तिघांनी चुना एकाच पिंपातून घेतलेला असतो, ऑक्सिजन एकाच बँकेतून, म्हणजे साठ्याच्या मोठ्या सिलिंडरांतून. भूलतज्ज्ञ मैत्रिणीने एवढंच म्हटलं, "माझ्या पाठीवरचा वायू मला कुणाकडे मागायला लागू नये." ओझं तेवढंच राहिलं.

दुपारी एकवीस मीटरवरच्या बदलाबद्दल बोलणं झालं. १५/५० वरून ५० टक्क्यांवर जाताना हेलियम नाहीसा होतो आणि नायट्रोजन ३५ वरून ५० वर उडी मारतो. आतल्या कानाला अशी उडी त्रासदायक ठरू शकते, चक्कर आणि उलटी पाण्याखाली सुरू होऊ शकते. ५० टक्क्यांतही थोडा हेलियम घालणारे लोक आहेत. आमच्याकडे तेवढा नव्हता. तोडगा म्हणून बदलानंतर दोरी हातात धरून दोन मिनिटं काहीच करायचं नाही, जोडीदाराने समोर राहायचं.

शुक्रवार

आयकोकू मारू. स्फोटात या जहाजाचा पुढचा अर्धा भाग नाहीसा झाला आणि हल्ला करणारं विमानही त्याच स्फोटात सापडलं. जहाजावर सैनिक खचाखच भरलेले होते. उरलेला मागचा भाग ताठ बसलाय, वरचं बांधकाम चाळीसला, मागची तोफ त्याखाली. इथे कुणी कशाला हात लावत नाही.

तोफेपासून दोरीकडे परतताना पाण्याला थोडी ओढ होती. मैत्रीण आमच्या पुढे होती आणि जोर लावून पोहत होती. पंचावन्नजवळ ती थांबली. वळून बघितलं तर डोळे मोठे झालेले. पुढच्या क्षणी तिचा हात खटक्यावर आणि बुडबुड्यांचा लोट. तिने एकच खूण केली : वर.

खटका फिरवल्यावर दम लगेच शांत होत नाही. तीन मिनिटं ती जवळजवळ न थांबता श्वास ओढत होती आणि बुडबुडे तुटत नव्हते. मी तिचा दाबमापक माझ्या हातात धरला, जोडीदाराने दोरीवर खुणेचा तरंगता फुगा (बॉय) सोडला. चाळीसच्या वर आल्यावर लोटामध्ये अंतर पडायला लागलं. तिसाला तिने माझा दंड दाबून 'ठीक' दाखवलं. तिने लूपकडे बघितलंसुद्धा नाही. कार्बन डायऑक्साइड चढून सोडलेल्या लूपवर परत जायचं नसतं.

एकवीसला ती ५० टक्क्यांवर गेली. दोरी धरून दोन मिनिटं स्थिर. चक्कर नाही. खोल सिलिंडरचा काटा २०० वरून ७० वर आला होता. १३० बार म्हणजे १४३० लिटर. मंगळवारच्या कागदावर १६४० होते. २० लिटरचा कागद केला असता तर त्यात १०५० होते.

पुढचे थांबे लांब होते आणि काही घडलं नाही. सहा मीटरवर टांगलेला ऑक्सिजन तिने सगळ्यांत जास्त वेळ घेतला.

बोटीवर स्क्रबर उघडला. चुना ताजा, नीट बसलेला, कोरडा. झडपा ठीक. ती म्हणाली, "मी ओढत होते आणि श्वास उथळ होत चालला होता, मला ते कळलं नाही. यंत्राने काही केलेलं नाही." मग थोड्या वेळाने जोडीदाराकडे बघून म्हणाली, "आलेला पहिला श्वास हलका लागला. छातीत जागा झाल्यासारखं वाटलं. २१/३५ असतं तर काय वाटलं असतं ते मला समजून घ्यायचं नाही." तो काही बोलला नाही. नंतर बराच वेळ तिच्या शेजारी बसून होता.

शनिवार

मैत्रिणीने आज बोटीवर बसायचं ठरवलं. उरलेल्या हेलियममध्ये दोन पर्याय होते : तिचं बेलआउट पुन्हा भरून उद्या आणखी एक खोल बुडी, किंवा तो तसाच बँकेत सोडणं. जोडीदारानेच सांगितलं की सोडू.

आम्ही दोघं हेयान मारूवर गेलो. पाणबुड्यांची देखभाल करणारं हे प्रचंड जहाज डाव्या कुशीवर आडवं पडलंय. आतल्या एका मार्गिकेत पेरिस्कोपच्या लांब नळ्या तशाच आहेत. खोली तीस मीटर ठरवली, कारण डिल्युएंटला साधी हवा होती आणि १.२ च्या सेटपॉइंटला लूपमधली घनता तिथे ५.२ ला टेकते. बेलआउट ३२ टक्के नायट्रॉक्स. दुपारी उपकरणं गोड्या पाण्यात धुवून वाळत टाकली. विमान सोमवारी आहे, मधले चोवीस तास पूर्ण मिळतात.

संध्याकाळी पुढच्या खेपेसाठी हेलियमची मागणी लिहून दिली. कागदावर आधी प्रत्येकी दोन बेलआउट भरण्याइतका आकडा घातला, म्हणजे एक वापरलं गेलं तरी बाकीच्यांची सहल थांबणार नाही. डिल्युएंटचा आकडा त्याखाली आला. ५० टक्क्यांत थोडा हेलियम मिसळण्यापुरताही वेगळा धरला आहे. जोडीदाराने बेरीज तपासली आणि आकडा थोडा वाढवला.